हातपाय गरम होईपर्यंत

भाताची कापणी झाली की पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात भारे उचलायची घाई असते. भारा डोक्यावर घ्यायचा तर आधी त्याच्याखाली हात घालावा लागतो. लाकडाची मोळी, रचलेली कौलं, कोपऱ्यातली वाकळ, सगळीकडे भीती एकच. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण या भागात जीव घेतो तो बोटाएवढा तांबडा विंचू.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जात होती. फुप्फुसांत पाणी भरायचं, तोंडाला गुलाबी फेस यायचा. केंद्रात यंत्रं नव्हती. बावस्कर खाटेशी बसून राहिले आणि रुग्णाचं काय काय होतं ते टिपत गेले. ओकाऱ्या, दरदरून घाम, सुटणारी लाळ, पुरुषांत लिंगाला ताठरता, गार पडलेले हातपाय. ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ वर्दी आहे, हे त्यांचं निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं.

विष शरीरातल्याच अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी या कामी आली. तिचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये 1986 साली आला. पूर्वी फुप्फुसांत पाणी झालेल्यांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. पुढे महाडमध्येच 70 रुग्णांवर चाचणी झाली. प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी 8. ही चाचणी 2011 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पत्नी डॉ. प्रमोदिनी या कामात बरोबरीने होत्या. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

पण या उपचाराचं खरं मोल तो शिकवता येतो यात आहे. बहुतेकांना विंचवाची नुसती कळ लागते आणि सकाळपर्यंत ती आपसूक ओसरते. विंचू उतरवणाऱ्याचा मंत्र त्यामुळेच खरा वाटत आला. जो कळेनं ओरडतोय त्याच्याभोवती घर गोळा होतं. कोपऱ्यात घामानं भिजून गप्प बसलेलं पोर मात्र मागे राहतं. शिकायचं ते एवढंच, की आधी त्या पोराचा हात हातात घ्यायचा.

आशाताई असो, नर्स असो की आरोग्य केंद्रात नव्यानं आलेला डॉक्टर, प्रत्येकानं पाहायच्या गोष्टी सोप्या आहेत. विंचू किती वाजता चावला? ओकारी झाली का? हातपाय गार आहेत का? डॉक्टरच्या सल्ल्यानं गोळी लवकर पोटात जायला हवी. नंतर रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. घाम आणि ओकाऱ्यांत गेलेलं पाणी भरून काढायला जलसंजीवनी पाजायची. दर तीन तासांनी गोळी पुन्हा द्यायची, हातपाय गरम होईपर्यंत. औषध लागू पडतंय की नाही, हे सांगणारं यंत्र म्हणजे आपलाच तळहात.

2014 पासून राज्यात 108ची रुग्णवाहिका धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो. तरी रात्री डोंगरातल्या वाडीवरून रुग्णाला डांबरी सडकेपर्यंत आणायचं ते वाडीतल्या माणसांनीच. विष तेवढा वेळ थांबत नाही. मंत्रात तास घालवायचा की गाडीला फोन करून पोराचे तळवे चाचपत बसायचं, हे त्या अंगणातच ठरतं. बिरवाडीच्या खाटेशी जे टिपलं गेलं, ते त्या अंगणातल्या माणसाला ठाऊक असायला हवं.