ताट आधी सांगा, मग समुद्र बघा!

शनिवार-रविवारच्या कोकणसहलीत खोलीचं आरक्षण महिनाभर आधी होतं. जेवणाचं मात्र ‘तिथं गेल्यावर बघू!’ सहलीचा विचका होतो, तो नेमका इथंच.

शुक्रवारी रात्री बॅगा भरायच्या, शनिवारी पहाटे गाडी काढायची आणि रविवारी रात्री चपलांमधली वाळू झटकत घरी परतायचं. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांना ही दीड-दोन दिवसांची समुद्रसहल आता नवलाची राहिलेली नाही. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर... रजा आणि पेट्रोल पुरेल तितकं दक्षिणेकडे सरकायचं. इंदूर-बडोद्याकडची मराठी मंडळी तर वाट वाकडी करून मालवणपर्यंत जातात. त्यांना समुद्र हवा असतोच. पण त्याहून अधिक हवा असतो तो सुरमईचा तुकडा आणि सोलकढीची वाटी.

आणि होतं काय? दुपारी दोनपर्यंत पाण्यात डुंबून झालेलं असतं. पोरं भुकेनं रडकुंडीला आलेली. हमरस्त्यावर दिसेल त्या ‘सी-व्ह्यू’ पाटीखाली गाडी थांबते. आत शिरावं तर आधीच पंधरा-वीस माणसं खुर्च्यांच्या मागे उभी. जेवणाऱ्याचा हात कधी धुतला जातो याची वाट बघत. साडेतीनला ताट येतं. मासा बर्फातला, रस्सा सगळ्या भाज्यांना आणि सगळ्या माशांना एकच, भात गार. वर बिल असं, की घरी पोहोचेपर्यंत नवरा-बायकोत त्याचीच उजळणी.

यात सर्वांत जास्त हिरमोड होतो तो घरातल्या बाईचा. नवऱ्याला समुद्र दिसला की सुट्टी सुरू होते, मुलांना वाळू दिसली की. तिची सुट्टी सुरू होते ती दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं गरम ताट समोर आल्यावर. वर्षातून दोन-तीनदा मिळणारं हे ताट नशिबावर का सोडायचं?

खानावळीचं घड्याळ

किनाऱ्यावर जेवणाच्या दोन तऱ्हा आहेत. एक, मोठी रेस्टॉरंट्स. तिथं पंजाबी, चायनीज, मालवणी सगळं एकाच मेन्यूकार्डावर नांदतं आणि दिवसभर मिळतं. दुसरी, घरगुती खानावळ. ओसरीवर किंवा अंगणातल्या मांडवात चार-सहा टेबलं, आत चूल किंवा गॅस आणि तिथं उभी घरची मालकीण, तिची सून, फार तर हाताखाली शेजारची एखादी बाई. समुद्र इथून दिसत नाही. दिसतात त्या माडाच्या झावळ्या आणि दोरीवर वाळणारे कपडे. पण जेवण इथलंच.

मात्र या स्वयंपाकघराचं घड्याळ वेगळं चालतं. सकाळी किती माणसं जेवायला येणार याचा अंदाज घेऊन मालकीण मासळी घेते. त्या बेतानं नारळ खवले जातात, वाटण वाटलं जातं. तांदळाच्या भाकऱ्या तर मागणी येईल तशा तव्यावरून उतरतात. त्या रचून ठेवल्या की वातड होतात. म्हणून न सांगता आठ माणसं दोन वाजता उभी राहिली, तर ती बाई त्यांना हाकलणार नाही, पण तिच्या हातात उरलेला रस्साच असणार. अडीच-तीननंतर तर भांडी घासायला पडलेली असतात.

उपाय साधा आहे. खोली जिथं घेतली, त्या मालकालाच आदल्या दिवशी चांगली खानावळ विचारायची आणि रात्रीच तिथं फोन करायचा. किती माणसं, त्यात शाकाहारी किती, मुलं किती, तिखट कसं हवं आणि किती वाजता येणार, एवढंच सांगायचं. सकाळी नऊच्या आत सांगितलं तरी बहुतेक ठिकाणी जमून जातं. ‘उद्या काय मासा असेल?’ असं विचारलं आणि ‘सकाळी बाजारात गेल्यावर सांगते’ असं उत्तर आलं, तर बेधडक नाव नोंदवावं. ‘सगळं मिळेल’ म्हणणाऱ्याकडे फ्रीज मोठा असतो.

आणि बेत बदलला तर तेही कळवायचं. शहरी पाहुण्यांची एक वाईट खोड आहे. तीन ठिकाणी दहा-दहा ताटं सांगून ठेवायची आणि वाटेत चौथंच आवडलं म्हणून तिथं बसायचं. गेलं काय आपलं? आपलं काहीच नाही. पण त्या बाईनं सकाळी रोख पैसे मोजून आणलेली सुरमई दुपारी तशीच उरते. या खानावळींवर कुणाच्या मुलांची फी असते, कुणाच्या घराचं कर्ज. आता बऱ्याच जणी आगाऊ रक्कम मागतात, त्यात रागावण्यासारखं काही नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आणलं. पर्यटन व्यवसायासाठी बाईनं घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची सोय त्यात आहे. म्हणजे सरकारदरबारीही आता हा धंदा ‘बाईमाणसाचा फावल्या वेळचा उद्योग’ राहिलेला नाही.

आधी लिलाव, मग कालवण

मासा खाण्याआधी तो बघायचा असेल, तर दापोली तालुक्यातल्या हर्णैला जावं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि अलीकडे ओल्या वाळूवर मासळीचा लिलाव. होड्यांतून, बैलगाड्यांतून मासळी किनाऱ्याला आणण्याच्या पद्धतीमुळे हा बाजार नावाजला गेला. टोपल्यांभोवती कोंडाळं जमतं, बोली झरझर चढते आणि नवख्याला काही उमगायच्या आत माल उचललासुद्धा जातो. त्या लिलावात घरगुती गिऱ्हाइकानं पडू नये. बाजूलाच किरकोळ विकणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्यावं. घासाघीस चालते, पण ‘मुंबईत स्वस्त मिळतं’ असं म्हणू नये. पुढचा शेरा झेलायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी!

मासा पारखायला फार विद्या लागत नाही. डोळा चकचकीत आणि फुगीर असावा, कल्ले उचलून बघावेत, ते लाल हवेत. बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा यावा, माशाचा नव्हे. या भागात काही खानावळी विकत आणलेला मासा करूनही देतात. करणावळ काय घेणार, त्यात भाकरी-भात-सोलकढी धरली आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावं. मालवणच्या किनाऱ्यावरही असाच लिलाव भरतो. मुलांना मासळी कुठून येते हे दाखवायचं, तर मत्स्यालयापेक्षा ही जागा बरी.

पावसाळ्यातला ‘ताजा’ मासा

जून-जुलैत हिरवागार कोकण बघायला गर्दी उसळते आणि प्रत्येक जण ताजं पापलेट मागतो. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या आदेशानुसार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. मग त्या दिवसांतलं पापलेट येतं कुठून? बर्फातून किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून. या काळात खाडीतला मासा, कोळंबी, चिंबोऱ्या मिळतात, त्या मागाव्यात. नाही तर सरळ सुक्या मासळीवर ताव मारावा. सोड्यांचं कालवण किंवा सुकटीची चटणी, भाकरी आणि बाहेर धो-धो पाऊस, याची बरोबरी बर्फातलं पापलेट काय करणार!

पापलेटाबद्दल आणखी एक. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्रानं पापलेटाला, म्हणजेच सरंग्याला, ‘राज्य मासा’ जाहीर केलं. मान मोठा, पण त्यामागचं कारण चिंतेचं आहे. लहानपणीच जाळ्यात ओढल्यामुळे सरंगा कमी होत चालला आहे. ‘स्पेशल पापलेट थाळी’ स्वस्तात देणाऱ्यांच्या ताटात तळहाताहूनही लहान पिल्लू असतं. त्यात खायला दोन घास आणि उरतो काटा. त्यापेक्षा बांगडा घ्यावा. स्वस्त, चवीला खमका आणि ताजा असण्याची शक्यता अधिक.

दर शंभर मैलांवर नवा रस्सा

‘मालवणी’ ही पाटी आता डहाणूपासून दिसते. पण किनारा एक असला तरी वाटण एक नाही. रायगडात आगरी-कोळी हात. कालवण लालभडक, मसाल्याचं, नारळ बेतानं. रत्नागिरी ओलांडली की नारळाचा हात सैल होतो. मालवणात बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पडतात. ती वासापुरती असतात, चावायची नसतात. मुलांना आधीच सांगावं, नाही तर जीभ बधिर होऊन पोर घाबरतं. गोव्यात शिरलं की त्याच माशाचं हुमण होतं. तिथं किनाऱ्यावरचे शॅक पावसाळा संपल्यावर उभे राहतात आणि मेअखेर उतरवले जातात. संध्याकाळी वाळूत बसून काहीतरी तळलेलं खायला ते झकास. दुपारचं जेवण मात्र गावातल्या साध्या हॉटेलातल्या शीत-कडीचंच खावं.

सोलकढीवरून खानावळ ओळखता येते. आमसुलांचा किंवा आगळाचा रंग नारळाच्या दुधात मऊ गुलाबी उतरतो. झगझगीत, सरबतासारखी गुलाबी वाटी आली तर बाकीच्या पदार्थांबद्दलही शंका घ्यायला हरकत नाही.

मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना काट्याची धास्ती असते. त्यांच्यासाठी सुरमई किंवा हलव्याची कापं, नाही तर कोळंबी. तारल्या, मुडदुशा चवीला कितीही छान असल्या तरी त्या सवयीच्या माणसानंच खाव्यात.

सासूबाई माळकरी असतील तर?

मासे खाणाऱ्यांच्या सहलीत हमखास एखादं माणूस शाकाहारी असतं आणि त्याच्या वाट्याला येते पनीरची भाजी. कोकणात येऊन पनीर! दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे या गावांत सुपारी-नारळाच्या वाड्यांमधून शुद्ध शाकाहारी घरं जेवण देतात. डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठीभात, हंगाम असेल तर फणसाची भाजी, सकाळी घावन किंवा आंबोळी. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले तरच मिळतात आणि तेही नगावर. एकत्र कुटुंबानं एक जेवण अशा घरी घ्यावं. सासूबाईंना ‘तवा तोच नाही ना?’ असं चारदा विचारावं लागत नाही आणि सुनेलाही चार घास निवांत जातात.

बिलाच्या मागच्या बाजूला

मेन्यूकार्डावर माशापुढे भाव नसून ‘ए.पी.एस.’ किंवा ‘साइजप्रमाणे’ असं लिहिलेलं असेल, तर मासा बघून, वजन करवून आणि रक्कम विचारूनच ऑर्डर द्यावी. यात कमीपणा कसला? भाजीवालीला कांद्याचा भाव विचारणारी बाई खेकड्याचा भाव विचारायला का लाजते, हे कोडंच आहे. थाळीत काय पुन्हा मिळतं आणि काय एकदाच, हेही विचारून घ्यावं. मासा बहुतेक ठिकाणी एकदाच.

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के लागतो. दिवसाला ७,५०० रुपयांहून महाग खोल्या असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के होतो. समुद्र तोच, मासा तोच! कंपोझिशन योजनेतल्या छोट्या व्यावसायिकाला तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. लावलाच तर काढून टाकायला सांगावं; न ऐकल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. घरगुती खानावळीत मात्र या कलमांची फारशी गरज पडत नाही. तिथं हिशेब बऱ्याचदा वहीच्या पानावर होतो आणि बेरीज आपल्यासमोरच केली जाते.

उरला रविवार. मांडव्याहून लाँचनं परतायचं असेल तर पावसाळ्यात ती बंद असते, हे लक्षात ठेवून रो-रो किंवा रस्त्याचा विचार करावा. गाडीनं निघणाऱ्यांनी रविवारचं जेवण बाराला सांगावं आणि एकला उठावं. चालवणाऱ्यानं दोन वाट्या भात कमी खावा आणि बिअरचं नाव काढू नये. निघताना मालकिणीकडे घावन बांधून मागितले, तर ती कागदात गुंडाळून देईल. सोबत सुकी चटणीही. सोडे घेतले असतील तर ते दोन पिशव्यांत घट्ट बांधून डिकीत सर्वांत खाली ठेवावेत. नाही तर पुढच्या शनिवारपर्यंत गाडीत मुरूडच असेल.