निजामाच्या घरातून निघालो, पण दप्तर तिथंच राहिलं

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी आपण ग्रामपंचायतीपुढं झेंडा लावतो. शाळेची पोरं रांगेनं येतात, कुणीतरी भाषण करतं, रझाकारांचं नाव निघतं, गोळ्या-बिस्किटं वाटली जातात आणि मंडळी रानात निघून जातात. चांगलं आहे. पण सरपंचसाहेब, तुम्हालाच एक विचारतो. १ नोव्हेंबर या तारखेला आपल्या गावात काही होतं का? होत नाही. त्या दिवशी काय घडलं होतं हे विचारलं तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं हे खरं. पण आपण हैदराबाद राज्यातून बाहेर पडलो तो दिवस १ नोव्हेंबर १९५६. मधली आठ वर्षं मराठवाडा हैदराबादेतच होता. राजधानी तीच, हायकोर्ट तिथंच, आणि ज्याच्याविरुद्ध लोक लढले ते निजाम मीर उस्मान अली खान १९५० पासून त्याच राज्याचे राजप्रमुख. म्हणजे सावकाराचं घर सोडायचं ठरलं, सावकाराचं काही चालेना, तरी बिऱ्हाड मात्र आठ वर्षं त्याच वाड्यात. असं का झालं आणि त्याचं आपल्या सातबाऱ्याला आजही काय भोगावं लागतं, हे आज सांगायचं आहे.

थोडं मागं जाऊ. आपला मुलूख एकदा निजामाकडून निघून परत गेलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १८५३ च्या तहानं वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा भागही इंग्रजांकडं गेला. कर्नल मेडोज टेलर तेव्हा नळदुर्गला राहून कारभार पाहायचे. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याची बक्षिशी म्हणून १८६० साली आपला मुलूख त्याला परत मिळाला. रयतेला कुणी विचारलं नाही. वऱ्हाड तिकडंच राहिलं आणि आपण माघारी आलो. सात वर्षांत घरचं ना दारचं.

पुढं १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा बार्शीला तिरंगा आणि इकडं निजामाचा अंमल. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्या वर्षात रझाकारांनी जो धुमाकूळ घातला तो आजे-पंजे सांगून गेले. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आत शिरली. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल उडवायच्या आत तिनं ताब्यात घेतला, नंतर जळकोट, उमरगा करत ती हैदराबादकडं गेली. पाच दिवसांत सगळं आटोपलं.

त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्या जिल्ह्यात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं तेही लिहिलं पाहिजे. सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं आहे. रझाकारांचं पाप ज्यांनी केलं ते पळाले किंवा पकडले गेले. मार खाल्ला तो बहुतेक गावातल्याच गरिबांनी. झेंड्याच्या भाषणात हे कुणी बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. निजाम गेल्यावर राज्य लगेच का मोडलं नाही?

हैदराबाद राज्यात तीन भाषांचे तीन तुकडे होते. तेलंगणा तेलुगू, मराठवाडा मराठी, आणि बिदर-गुलबर्गा-रायचूर कानडी. एका छपराखाली तीन भाऊ म्हणा. निजामाच्या काळातच या तिघांच्या वेगळ्या परिषदा निघाल्या होत्या. आपल्याकडची महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला भरली. म्हणजे वाटणीची बोलणी निजाम गादीवर असतानाच सुरू झाली होती. स्वामी रामानंद तीर्थ आपल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून पुढं आलेले. तेच स्टेट काँग्रेसचे पुढारी. त्यांचं आणि गोविंदभाई श्रॉफांचं म्हणणं स्पष्ट होतं: राज्य मोडा, ज्याची भाषा त्याच्याकडं जाऊ द्या.

पण दिल्लीचं मन होत नव्हतं. पंडित नेहरूंना हैदराबाद मोडणं पसंत नव्हतं. हे राज्य दक्षिणेच्या मध्यावर आहे, तिथं सगळ्या भाषांचे, धर्मांचे लोक पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिले, ते मोडलं तर सगळीकडंच मोडामोड सुरू होईल, असा त्यांचा विचार होता. तो अगदीच टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही. त्यात तेलंगणात १९५१ पर्यंत कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. आधी लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी, मग १९५० पासून सनदी अधिकारी वेलोडी मुख्यमंत्री, आणि निवडणूक होऊन लोकांचं मंत्रिमंडळ आलं ते मार्च १९५२ मध्ये, बी. रामकृष्णराव यांचं. स्टेट काँग्रेसमध्येही एकमत नव्हतं. हैदराबाद शहरात ज्यांची वकिली, नोकरी, घरदार होतं, त्यांना राज्य मोडणं म्हणजे पायाखालची जमीन जाणं वाटे. नोकरदारांत वेगळीच धास्ती, की मुंबईत गेलो तर ज्येष्ठता कुठं लागणार? खेड्यात मात्र विचार सोपा होता. बाजार बार्शीचा, सोयरीक सोलापूरची, देवी तुळजापूरची, आणि मधे करोडगिरीचा नाका. हाली सिक्क्याचे सात रुपये मोजावेत तेव्हा कलदार सहा पदरात. ही कटकट गेली की झालं.

गाडी हलली ती आंध्रामुळं. पोट्टी श्रीरामुलू उपोषणात १५ डिसेंबर १९५२ ला वारले, १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं, आणि मग सगळ्यांनाच वाटणी हवी झाली. २९ डिसेंबर १९५३ ला केंद्रानं फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला. ३० सप्टेंबर १९५५ ला त्यांचा अहवाल आला. त्यात मराठवाडा मुंबई राज्याला द्या म्हटलं होतं, पण ते मुंबई राज्य गुजरातसकट द्विभाषिक, आणि विदर्भ वेगळा. मराठी माणसाला घर मिळालं, पण भाऊ बाहेर आणि शेजारी आत. शेवटी १९५६ च्या कायद्यानं विदर्भही मुंबई राज्यात आला आणि १ नोव्हेंबरला आपली सुटका झाली. संयुक्त महाराष्ट्र व्हायला १ मे १९६० उजाडावं लागलं.

वाटणीत बांध कुठं पडला तेही बघा. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके आपल्याकडं आले. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद आणि गुलबर्ग्याचा आळंद म्हैसूर राज्याकडं गेले. उमरग्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको, त्यांच्या लेकी त्या गावांत दिलेल्या आहेत. तो वाद महाजन आयोगानं मिटला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्या बांधाचा दावा वीस वर्षं चालला की आपण वकिलाला नावं ठेवतो. इथं दोन राज्यं भांडताहेत.

अट न घालता

मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला, हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. अभिमानानं सांगतात. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्या, कॉलेजातल्या जागा देऊ, मागास भागाकडं जास्त लक्ष देऊ, असं त्यात लिहिलेलं. त्यावर मराठवाड्याच्या पुढाऱ्यांच्याही सह्या होत्या. पण भावना अशी की आपल्याच घरी जाताना अटी कसल्या? ती भावना खोटी नव्हती. तरी मला विचाराल तर तिथंच आपली चूक झाली. सख्ख्या भावाबरोबर वाटणीपत्र करतानासुद्धा आपण विहिरीच्या पाळ्या लिहून घेतो. वार लिहितो, तास लिहितो. इथं वारही नाही, तासही नाही.

१९५६ लाच घटनेत ३७१ (२) कलम आलं, त्यात मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळाची सोय होती. मंडळ प्रत्यक्ष आलं १९९४ साली, अडतीस वर्षांनी. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मधे दांडेकर समितीनं १९८४ साली अनुशेष मोजून दिला, पुढं केळकर समिती झाली. विद्यापीठ १९५८ ला औरंगाबादला आलं हे खरं, पण हायकोर्टाचं खंडपीठ यायला १९८१ साल लागलं. तोवर खटल्यासाठी मुंबई, आणि ती आपल्याला हैदराबादेपेक्षा लांब.

दुसऱ्या दोन भावांचं काय झालं? कानडी भावानं उशिरा का होईना, २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीनं ३७१-ज कलम मिळवलं, त्यात शिक्षणात आणि नोकऱ्यांत त्या भागाच्या पोरांना राखीव जागा आहेत. तेलंगणानं आंध्रात जाताना फेब्रुवारी १९५६ ला सभ्य गृहस्थांचा करार केला. तो पाळला गेला नाही म्हणून ते भांडत राहिले आणि २ जून २०१४ ला वेगळं राज्य घेऊन बसले. भांडणारं सगळं बरोबरच असतं असं नाही. पण तिघांतला न भांडणारा कोण, ते तुम्हीच ठरवा.

बाहेर पडायला उशीर होतो तो आपल्यालाच, असंही नाही. इंग्लंडनं युरोपीय संघातून निघायचं म्हणून २३ जून २०१६ ला मतदान घेतलं. ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला. २९ मार्च २०१९ ही तारीख ठरली, ती तीनदा पुढं गेली, दोन पंतप्रधान गेले, आणि ३१ जानेवारी २०२० ला एकदाचं ते निघाले. अडलं कशावर? आयर्लंडच्या सरहद्दीवर नाका कुठं बसवायचा, यावर. करोडगिरीचा नाका पाहिलेल्या आपल्या आजोबांना ते लगेच समजलं असतं. पण एक फरक आहे. त्यांनी तीन-साडेतीन वर्षं कागदावर भांडून घेतलं आणि मग निघाले. आपण आधी निघालो. कागद अजून शोधतोय.

कागद कुठं आहेत?

तुमच्या सातबाऱ्याच्या मागं जरा जा. १९५४-५५ चं खासरा पत्रक हा मराठवाड्यातल्या जमिनीचा पाया समजला जातो, आणि ते हैदराबाद राज्यातलं आहे. जमीन महसुलाचा १३१७ फसलीचा हैदराबादी कायदा गेला तो १५ ऑगस्ट १९६७ ला, महाराष्ट्राची महसूल संहिता लागू झाली तेव्हा. पण कुळाचा कायदा? तो आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० हाच आहे. बार्शीच्या शेतकऱ्याला एक कायदा आणि बांधापलीकडच्या तुम्हाला दुसरा. कुळाच्या जमिनीची खरेदी-विक्री निघाली की त्यातलं कलम ५०-ब पुढं येतं. इनामाचा मामला असेल तर १९५२ चा अतियात चौकशीचा आणि १९५४ चा इनामं रद्द करण्याचा, हे दोन्ही कायदेही हैदराबादचेच. मदतमाश, खिदमतमाश हे शब्द ज्याच्या फेरफारात आहेत त्याला वर्ग एक-वर्ग दोनचा फेरा चुकत नाही.

आणि आता तर हैदराबाद गॅझेटिअरनं घराघरात प्रवेश केला. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे यांची समिती २०२३ साली नेमली, तिचं पथक हैदराबादला जाऊन आलं. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं गावपातळीवर तिघांची समिती केली: ग्राम महसूल अधिकारी (आपला तलाठीच, नाव तेवढं बदललं), ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. जमिनीचा पुरावा नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. या निर्णयावर दोन बाजू आहेत, ओबीसी संघटना कोर्टात गेल्या आहेत, त्यात मी इथं शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच की १९५६ ला माणसं आली, तालुके आले, कर्जं आणि नोकर वाटून घेतले, आणि आपल्या पणजोबाचं नाव कोणत्या पानावर आहे ते विचारायला एकविसाव्या शतकात हैदराबादची गाडी धरावी लागली.

ज्यांच्याकडं जुने कागद आहेत त्यांनी ते पत्र्याच्या पेटीतून काढून एकदा वाऱ्याला धरावेत. उर्दू किंवा मोडी वाचता येत नाही म्हणून कुणी चुलीत घालू नये, तेवढ्या एका चिटोऱ्यावर पाच एकर फिरल्याची उदाहरणं कचेरीत जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहेत. वाचणारी म्हातारी माणसं आता थोडी उरली आहेत, तेव्हा लिप्यंतर करून घ्यायचं ते आताच. नक्कल मागताना अर्जावर साल फसलीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहा. फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी सन निघतो, म्हणजे १३५८ फसली हे १९४८ च्या सुमाराचं. महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून मागचं-पुढचं वर्षही मागून घ्या. आणि गावाचं नाव, तालुका त्या वेळी जो होता तोच लिहा, आजचा नाही.