वर्तुळ, चौकोन आणि काळ

भूमितीच्या तासाला कंपासपेटी उघडून आपण वर्तुळे व चौकोन काढतो. त्यांस कोणी चित्र म्हणत नाही. मग तशाच आकृती कलादालनात टांगल्या म्हणजे त्यांस थोर कला का म्हणावे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ आकृतीकडे पाहून मिळत नाही. ती कोणी, कोठे व कोणत्या काळी काढली, हेही विचारावे लागते.

रशियन चित्रकार काझिमिर मालेविच याने १९१५ साली पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक काळा चौकोन रंगविला आणि पेत्रोग्राद येथील प्रदर्शनात तो खोलीच्या वरच्या कोपऱ्यात लावला. रशियन घरांत त्या कोपऱ्यात पूज्य धर्मचित्रे लावण्याची प्रथा होती. आपल्याकडे देव्हाऱ्यात मूर्तीच्या जागी कोरी पाटी ठेवावी, तसाच हा प्रकार! पहिले महायुद्ध चालू होते. दोनच वर्षांनी तेथे राज्यक्रांती झाली. जुने पुसून नव्याने आरंभ करण्याची त्या काळची आकांक्षा या चौकोनात दिसते.

आता आपल्या देशातील उदाहरण पाहू. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, वनखात्यातील एका नोकरदाराच्या घरी झाला. शाळेत त्यांचे चित्त स्थिर राहीना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यावर दृष्टी एकाग्र करावयास सांगितले, असे ते सांगत. पुढे नागपूर व मुंबई येथे त्यांनी कलाशिक्षण घेतले. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपमध्ये रझांसह गोव्यातील साळगावचे सूझा, आमच्या हैदराबादजवळील बोलारमचे आरा व पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते. धर्म व प्रांत निरनिराळे, पण स्वतंत्र देशास नवी चित्रभाषा हवी, हा ध्यास एक!

त्याच वर्षी फाळणी झाली. रझांचे निकटचे आप्त पाकिस्तानात गेले. ते स्वतः येथेच राहिले. १९५० साली ते पॅरिसला गेले व पुढील साठ वर्षे मुख्यतः फ्रान्समध्ये राहिले. तेथे कीर्ती मिळूनही आपल्या चित्रांत आपली भूमी कोठे आहे, हा प्रश्न त्यांस छळू लागला. १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी मोठे काळे वर्तुळ स्थिरावले. त्यास त्यांनी ‘बिंदू’ म्हटले. त्याभोवतीचे पाच रंग त्यांनी पंचमहाभूतांशी जोडले. मुसलमान घरात जन्मलेल्या व परदेशी वसलेल्या या चित्रकाराने भारतीय परंपरेवरील आपला हक्क जणू त्या वर्तुळातून सांगितला. २०१६ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले व मंडला येथे दफन झाले.

दोघांच्याही चित्रांत काळी आकृतीच आहे. मालेविचचा चौकोन परंपरेपासून दूर जातो, तर रझांचे वर्तुळ परंपरेकडे परत येते. हा भेद इतिहास जाणल्यावाचून कसा कळावा?

चिक्कडपल्लीच्या गल्ल्यांतून संक्रांतीस तेलुगू घरांपुढे मुग्गू व मराठी घरांपुढे ठिपक्यांची रांगोळी दिसते. तीही भूमितीच, पण ती सणाची व स्वागताची खूण आहे, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही, कारण तो समाज आपला आहे. अनोळखी चित्रापुढे उभे राहिल्यावर ‘हे मलाही काढता येईल’ असे म्हणण्यापूर्वी, ‘हे काढण्याची गरज त्यास का वाटली?’ एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने मुकी आकृती बोलू लागते.