हृदयविकाराच्या झटक्याबद्दल लिहिल्यानं हृदयावर ताण येतो?

गैरसमज : "झालं ते आठवू नका, हृदयावर ताण येईल."

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी आला की भेटायला येणारे शहाळ्याबरोबर हा सल्लाही आणतात. 'कशाला खपली काढता?' 'आनंदी राहा.' रुग्णानं झटका आलेल्या रात्रीचा विषय काढला की घरातलंच कुणीतरी टीव्ही लावतं. या मंडळींच्या मायेबद्दल शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे आणि तो इतक्या ठामपणे दिला जातो की उत्तरही तितक्याच ठामपणे द्यायला हवं.

वस्तुस्थिती : विषय बंद केल्यानं भीती बंद होत नाही. छातीत दुखलं तर घ्यायची म्हणून उशाशी ठेवलेली सॉर्बिट्रेटची गोळी वेळेवर हाताला लागेल ना, जिन्यात लागलेली धाप वयाची की हृदयाची, नवरा-बायकोनं जवळ यावं की नाही, हे प्रश्न रुग्ण एकटाच उगाळत बसतो. झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला तीव्र नैराश्य येतं. झटका येऊन गेलेल्यांच्या पुढच्या प्रकृतीसाठी नैराश्य हा धोक्याचा घटक मानावा, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये केली आहे. तेव्हा गप्प बसवणं हा निरुपद्रवी उपाय नव्हे. मनातलं बाहेर पडायला वाट हवी, आणि लिहिणं ही त्यातली एक.

मनातलं लिहून काढण्याचा पहिला गाजलेला प्रयोग जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थी, चार दिवस, रोज पंधरा मिनिटं. आघाताची हकिकत आणि त्याबद्दलच्या भावना, दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहून झाल्यावर खिन्न झालं, रक्तदाबही तुलनेनं चढा होता. नातेवाइकांना दिसतो आणि घाबरवतो तो एवढाच भाग. पण पुढच्या सहा महिन्यांत याच गटाच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

ते तरुण होते, हृदयरुग्णांचं काय, अशी शंका रास्त आहे. ब्रिटनमध्ये पहिला झटका येऊन गेलेल्या १७९ रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये 'हेल्थ सायकॉलॉजी' या नियतकालिकात आला. निम्म्यांनी सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटं, झटक्याबद्दलचे विचार आणि भावना लिहिल्या. बाकीच्यांनी साध्या, तटस्थ विषयावर लिहिलं. पाच महिन्यांनी पहिल्या गटात हृदयाच्या तक्रारी कमी होत्या, खालचा रक्तदाब कमी होता, आणि हृदय-पुनर्वसनाच्या वर्गांना त्यांची हजेरी जास्त होती. आठवण काढल्यानं हृदय बिघडतं म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा एकदा वाचावा.

आता इतर समजुती.

"लिहिलं की गोळ्या कमी करता येतात." अजिबात नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झटका येऊन गेलेल्या अमेरिकेतल्या २,४८१ रुग्णांच्या चाचणीत रीतसर मानसोपचारानं नैराश्य कमी झालं, पण मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. मग नुसत्या वहीकडून ती अपेक्षा कशी ठेवायची? गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचाच.

"सगळ्यांनाच गुण येतो." नाही. २००६ मध्ये अशा लेखनावरचे १४६ अभ्यास एकत्र तपासले गेले. फायदा खरा निघाला, पण सरासरीनं लहान.

"चांगलं तेवढंच लिहावं." भीती, राग, लाज वगळून लिहिलेल्या मजकुराला मन मोकळं करणं म्हणत नाहीत.

"शुद्ध लिहिता यायला हवं." ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासणार नाही. बोलता तसं लिहा, हवं तर नंतर फाडून टाका.

"रोज डायरी लिहावीच लागते." प्रयोगांत तीन-चार दिवसच पुरले. तेच ते उगाळलं जातंय आणि मन आणखी बुडतंय असं वाटलं तर थांबा.

लिहिताना छातीत दुखलं, घाम फुटला, तर पेन ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. दोन आठवडे उदासी हटली नाही, झोप-भूक गेली, जगणं नकोसं वाटलं, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना सांगा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

आणि नातेवाइकांनो, तुमचा माणूस त्या रात्रीबद्दल बोलू लागला तर टीव्ही लावू नका, ऐकून घ्या. बोलवत नसेल तर वही-पेन द्या, वीस मिनिटं एकांत द्या, आणि काय लिहिलं ते वाचायला मागू नका.