यंत्राच्या हाती दिलेली कणीक

1985 साली मात्सुशिता इलेक्ट्रिक या जपानी कंपनीचे अभियंते घरच्या घरी पाव करणारे यंत्र सिद्ध करण्याच्या खटपटीत होते. त्यांचे यंत्र पीठ मळत होते आणि भाजतही होते. परंतु त्यातून निघणारा पाव वरून करपलेला आणि आत जवळजवळ कच्चाच असे. यंत्राने मळलेले पीठ आणि कसबी पाववाल्याने मळलेले पीठ यांची क्ष-किरण छायाचित्रेही त्यांनी ताडून पाहिली, तरी उलगडा होईना. अखेर त्या कामावर असलेल्या इकुको तानाका या बाईंनी, उत्तम पावाबद्दल शहरात नावाजलेल्या ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याची शागिर्दी पत्करली, आणि तेथे त्यांच्या ध्यानात आले की हा मनुष्य पीठ मळताना ते एका विशिष्ट रीतीने ताणतो आहे. तो ताण यंत्राला साधावा म्हणून आतल्या बाजूस खास कंगोरे बसविण्यात आले, आणि वर्षभराच्या प्रयोगांनंतर सिद्ध झालेले ते यंत्र 1987 मध्ये बाजारात आले.

माळ्यावर पडून राहिलेल्या जुन्या ब्रेड मशीनला पुन्हा कामाला लावू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला हा वृत्तांत मी आवर्जून सांगतो. पाववाल्याचा हात त्या यंत्रात उतरला. त्याची नजर मात्र उतरली नाही. डब्याच्या तळातून वर आलेली आस, तिच्यावर बसणारे पाते, पट्ट्याने ते फिरविणारी मोटर, सभोवती तापणारी तार आणि या सर्वांवर हुकूम चालविणारे घड्याळ, एवढाच त्याचा संसार. अमुक मिनिटे मळावे, अमुक मिनिटे थांबावे, मग भाजावे, हे फर्मान ते तीन-साडेतीन तास बिनचूक बजावते. परंतु पीठ कोरडे पडले आहे की पातळ झाले आहे, ते पुरेसे फुगले की फुगून खाली बसू लागले, याची त्याला दादही नसते. म्हणून जुन्या यंत्राकडून चांगला पाव हवा असेल, तर ती नजर आपण पुरविली पाहिजे, आणि तीही तीन तास नव्हे, आरंभीची दहा मिनिटे.

मळणी सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी झाकण खुशाल उघडावे. या टप्प्यावर उघडल्याने काहीही बिघडत नाही. पात्याभोवती एकच गुळगुळीत गोळा फिरत असावा, त्याचा स्पर्श पोळीच्या कणकेहून सैल आणि पुरणपोळीच्या कणकेहून घट्ट असावा, आणि डब्याच्या कडा त्याने आपल्याआपण पुसून घेतलेल्या असाव्यात. गोळ्याचे दोन-तीन तुकडे होऊन ते कडांवर आपटत असतील, तर चमचाभर पाणी घालून मिनिटभर वाट पाहावी. तळाशी चिखल दिसत असेल, तर चमचाभर पीठ. पावसाळ्यात दमट झालेल्या पिठाला पाणी कमी लागते आणि वैशाखात तेच पीठ अधिक पिते, हे ज्या घरात रोज पोळ्या होतात तेथे निराळे शिकवावे लागत नाही. तरीही मापाचा आरंभ पेल्याने न करता तराजूने करावा, हा माझा आग्रह आहे. पेला दाबून भरला की हलक्या हाताने, यावर पिठाचे वजन सहज पाव हिश्शाने बदलते. मध्यम आकाराच्या पावासाठी 400 ग्रॅम मैदा, 250 ग्रॅम पाणी, 8 ग्रॅम मीठ आणि 4 ते 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ही मूळ बैठक धरून चालावे.

आपल्या चक्कीवरच्या गव्हाच्या पिठाचा मामला मात्र निराळा आहे, आणि परदेशी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेवर विसंबणाऱ्यांची निराशा बहुधा येथेच होते. दगडाच्या दाबाने आणि उष्णतेने या पिठातील पिष्टाचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात, आणि फुटलेले कण अखंड कणांहून कितीतरी अधिक पाणी शोषतात. शिवाय कोंड्याच्या धारदार कणांनी ग्लूटेन या चिवट प्रथिनाचे जाळे कापले जाते. म्हणून 400 ग्रॅम कणकेला 300 ग्रॅमच्या आसपास पाणी लागते, आणि पाणी मुरायला अवधीही लागतो. फ्रान्समधील थोर पावशास्त्रज्ञ रेमों काल्व्हेल यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुरण्याचे महत्त्व पाववाल्यांना पटवून दिले. आपल्याकडे कणीक भिजवून झाकून ठेवण्याचा शिरस्ता तर घरोघर आहेच. यंत्रात तो पाळण्याची रीत सोपी आहे. नुसते पीठ आणि पाणी घालून पाच मिनिटे यंत्र चालवावे, बंद करून अर्धा तास सोडावे, आणि मग मीठ व यीस्ट घालून पहिल्यापासून पुन्हा सुरू करावे. गव्हाचा पाव विटेसारखा होतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी अन्य काही करण्यापूर्वी एवढे करून पाहावे. निम्मी कणीक आणि निम्मा मैदा घेण्यातही कमीपणा मानू नये.

उष्णतेची बाब याहून नाजूक. मळताना घर्षणाने पीठ तापते. मळून झालेल्या गोळ्याची उष्णता 24 ते 27 अंशांच्या दरम्यान असावी, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात माठातले पाणीदेखील त्या मानाने पुष्कळ गरम ठरते. पीठ वेळेआधी फुगते, घड्याळ भाजणीचा हुकूम द्यायला अद्याप अवकाश असतो, आणि मग ताणाची सीमा ओलांडलेला पाव मध्यभागी खचतो. अशा दिवसांत फ्रिजमधले गार पाणी वापरावे आणि यीस्ट चतुर्थांशाने कमी करावे. दूध घालणार असाल तर ते उकळून गार केलेलेच घालावे, कारण कच्च्या दुधातील काही प्रथिने पाव नीट फुगू देत नाहीत. यीस्टविषयी शंका असेल तर कोमट साखरपाण्यात चिमूटभर टाकून दहा मिनिटे पाहावे. फेस आला नाही, तर यंत्राला दोष देऊ नये.

अमेरिकेहून मुलांनी पाठविलेली यंत्रे पुण्या-ठाण्याच्या अनेक घरांत आहेत. ती 120 व्होल्टची असतात. आपल्या 230 व्होल्टच्या विजेवर थेट लावली तर जळतील, म्हणून यंत्रावर लिहिलेल्या वॉटहून अधिक क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावणे अपरिहार्य आहे. परंतु ट्रान्सफॉर्मरने विजेची आवर्तने बदलत नाहीत. तिकडे सेकंदाला 60, इकडे 50. त्यामुळे अशा बहुतेक यंत्रांची मोटर सुमारे एक षष्ठांशाने मंद चालते आणि मळणी तेवढी अपुरी राहते. पहिली मळणी संपताच यंत्र बंद करून पुन्हा सुरुवातीपासून लावले, की ही उणीव भरून निघते.

वयाचे विकार फार नाहीत. पाते थबकू लागले आणि मोटरचा आवाज मात्र चालू राहिला, तर पट्टा सैल झाला असे समजावे. डब्याच्या बुडाशी काळसर ओघळ दिसला, तर आसेभोवतीचे रबर झिजले आहे. डबा पाण्यात बुडवून ठेवण्याच्या सवयीने ते अकाली झिजते, म्हणून पाणी आतच ओतावे. पाते बसविण्यापूर्वी आसेला तेलाचे बोट लावले, तर ते अडकून बसत नाही. दुरुस्ती करणारे दुकानदार अशी यंत्रे पाहून पुष्कळदा मान हलवतात. पट्ट्याची लांबी व रुंदी मोजून नेली, तर त्याच मापाचा पट्टा बहुधा मिळतो.

भाजणी संपल्याची घंटा वाजली की पाव लगेच डब्याबाहेर काढावा, अन्यथा कोंडलेल्या वाफेने त्याच्या कडा ओलसर होतात. पात्याने बुडाला पडलेली खाच बाजूला येईल असा तो जाळीवर आडवा ठेवावा, आणि घरातील मुले कितीही घुटमळली तरी तासभर त्याला सुरी लावू नये. गरम पावाच्या आतले पिष्ट अजून स्थिरावलेले नसते, आणि सुरीखाली त्याचा लगदा होतो.