मुक्कामापुरते घर

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्या-मांजराला कायमचे घर मिळेपर्यंत जे कुटुंब आपल्याकडे सांभाळते, त्याला फोस्टर म्हणतात. खर्च कधी संस्था करते, कधी प्राणी उचलून आणणारा करतो, पुष्कळदा फोस्टरच्याच खिशातून जातो. जनावर मात्र त्याचे नसते. पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत त्याला खाऊ घालायचे, औषधपाणी करायचे, माणसांच्या घरात राहायला शिकवायचे आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यायचे, असे हे काम आहे. मुंबई-पुण्यात ते बहुतेक वेळा वन-बीएचकेच्या बाथरूममध्ये किंवा जाळी लावलेल्या बाल्कनीत चालते.

जनावरांची रुग्णालये असताना घरांची गरज का पडते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, लहानमोठ्या शहरांत संस्थांची निवारा केंद्रेही आहेत. पण लहान पिल्लांसाठी गर्दीची जागा हीच सर्वांत धोक्याची असते. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू १९७८ च्या सुमारास जगापुढे आला आणि तेव्हापासून पिल्लांचा सर्वांत मोठा मारेकरी तोच आहे. उलट्या, रक्ताचे जुलाब, दोन-तीन दिवसांत अंगातले पाणी संपणे. उपचार झाले नाहीत तर बहुतेक पिल्ले दगावतात. हा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेच्या तळव्यावर महिनोन्‌महिने टिकतो. मांजरांमध्ये त्याचाच भाऊबंद पॅनल्युकोपेनिया घडवतो. लस पूर्ण न झालेले पिल्लू दहा पिंजऱ्यांच्या खोलीत ठेवण्यापेक्षा एखाद्याच्या बाथरूममध्ये एकटे ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

कामाला हंगाम असतो. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे खेड्यात कोणाला सांगावे लागत नाही. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात बांधकामाच्या वाळूत, जिन्याखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पिल्ले दिसू लागतात आणि थंडी वाढते तसे फोनही वाढतात. मांजरीला असा एक ठरलेला महिना नाही. वर्षात दोन-तीन वेते सहज होतात. पावसाळ्यात गटारे भरली की तिथे लपवलेली पिल्ले वर येतात आणि मोटारीच्या बॉनेटखाली शिरतात.

दिसले की उचलले, हा चांगल्या माणसांचा नेहमीचा दोष. मांजरी पिल्लांना ठेवून तासन्‌तास अन्नाच्या शोधात जाते. पिल्ले गरम, गुबगुबीत आणि झोपलेली असतील तर आई आहे असे समजावे आणि लांबून दोन-चार तास वाट पाहावी. आईचे दूध हिरावून बाटलीचे दूध देणे म्हणजे उपकार नव्हेत. धडधाकट मोठ्या भटक्या कुत्र्याचे तर घर रस्त्यावरच असते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेला कुत्रा ज्या जागेवरून उचलला तिथेच सोडायचा असतो. ओळखीसाठी त्याच्या कानाला छोटी खाच पाडलेली दिसते. फोस्टरकडे यावीत ती पोरकी पिल्ले, अपघातात सापडलेली जनावरे आणि ज्यांना कोणीतरी पाळून नंतर रस्त्यावर सोडले ती. या तिसऱ्या प्रकारच्या प्राण्यांची अवस्था सर्वांत वाईट असते, कारण त्यांना रस्ता ओलांडता येत नाही, कचऱ्यातले खाता येत नाही आणि गल्लीतले कुत्रे त्यांना टिकू देत नाहीत.

पहिला दिवस डॉक्टरांचा. वजन, ताप, डोळे, कान, हिरड्यांचा रंग पाहिला जातो. हिरड्या पांढरट दिसल्या तर गोचिड किंवा जंत रक्त पीत असल्याचा संशय येतो. पोट नगाऱ्यासारखे आणि बरगड्या उघड्या असे पिल्लू ‘खाऊनपिऊन सुखी’ वाटते. प्रत्यक्षात ते जंतांनी भरलेले असते. जंताचे औषध दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. घरात आधीचे कुत्रे-मांजर असेल तर नव्या पाहुण्याला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचे, त्याची भांडी वेगळी, तिथल्या चपलाही वेगळ्या. फरशी पुसायला ब्लीच पाण्यात पातळ करून वापरतात, कारण साध्या साबणाने पार्व्हो मरत नाही. ब्लीच सुकल्यावरच पिल्लाला तिथे सोडायचे. आपल्या घरोघरी असणारे फिनाईल मांजराच्या खोलीत अजिबात नको. फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि मांजर ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटते. ताप आला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

चाव्याबाबत भोळेपणा नको. पिल्लू तळहाताएवढे आहे म्हणून त्याचा दात किरकोळ ठरत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नियमित फोस्टर करणारे लोक चाव्याआधीच रेबीजच्या प्रतिबंधक लसी घेऊन ठेवतात.

या कामातला सर्वांत कठीण भाग म्हणजे बाटलीवरची पिल्ले. दोन आठवड्यांचे मांजराचे पिल्लू दोन-अडीचशे ग्रॅम भरते. डोळे नुकतेच उघडलेले, निळसर, कशावरही न ठरणारे. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, म्हणून खोक्याच्या अर्ध्या भागात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवतात आणि अर्धा भाग मोकळा, म्हणजे उकडले तर त्याला सरकता येते. दर तीन-चार तासांनी दूध, रात्रीही. गायीचे दूध चालत नाही. त्यातली साखर पिल्लाला पचत नाही आणि जुलाब लागतात. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवतात, थेंब मनगटावर टाकून पाहतात. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने पडले पाहिजे. धार लागली तर बुचाचे भोक मोठे झाले आहे.

पिल्लू आधी हाताला गरम लागले पाहिजे. गार पडलेल्या पिल्लाचे पोट काम करत नाही, त्याला पाजलेले दूध आत तसेच राहते. म्हणून आधी शेक, मग बाटली. त्याला तान्ह्या बाळासारखे उताणे धरायचे नाही, पोटावर ठेवायचे, जसे ते आईपाशी पालथे पडून पिते. उताण्या पिल्लाचे दूध फुफ्फुसात जाते आणि दोन दिवसांत न्यूमोनिया दिसतो. चोखण्याची लय लागली की पिल्लाचे कान मागेपुढे हलू लागतात आणि पुढचे पंजे आळीपाळीने दाबले जातात. ते कान हलताना दिसले की घास नीट उतरतो आहे असे अनुभवी माणूस समजतो. पोट गोल झाले की थांबायचे, पिल्लू मागत असले तरी. नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळावे लागते. हे काम आई जिभेने करते. त्याशिवाय या वयात लघवी-शी होत नाही.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज एकाच वेळी वजन करून कॅलेंडरवर लिहिले जाते. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमची वाढ ठीक. आकडा एक दिवस जागेवर राहिला तर लक्ष ठेवायचे, खाली आला तर डॉक्टर. बाकी लक्षणे दिसायच्या आधी वजन बोलते. एवढे करूनही काही पिल्ले जातात. सकाळी खोक्यात हात घालावा तर एखादे गार लागते. नवा फोस्टर बहुधा इथेच सोडून देतो.

चौथ्या आठवड्यापासून पिल्ले बशीतून मऊ खाणे चाटू लागतात आणि रेतीच्या ट्रेमध्ये उकरू लागतात. कुत्र्याच्या पिल्लाला या सुमारास सगळी आळी दूध-पोळी घालते. त्याने पोट बिघडते. मऊ भात, उकडून कुस्करलेले चिकन किंवा अंडे, पिल्लांचे भिजवलेले कोरडे खाद्य एवढे पुरते.

फोस्टरचे औषधपाणी सगळ्यांना दिसते, पण त्याहून मोठे काम न दिसणारे आहे. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे आणि मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचे दिवस असे असतात की तेव्हा जे भेटते ते आयुष्यभर ओळखीचे वाटते. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, चष्मा लावलेला माणूस, धावणारे मूल, झाडू घेऊन येणाऱ्या बाई या सगळ्यांची गाठ याच काळात घालून द्यावी लागते. लसी अपुऱ्या असल्याने रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून पिल्लाला कडेवर घेऊन फाटकापाशी उभे राहतात. पुढच्या दिवाळीत ते जनावर पलंगाखाली थरथरत बसेल की नाही, हे पुष्कळ अंशी इथे ठरते.

मार खाल्लेल्या मोठ्या कुत्र्याचे वेळापत्रक वेगळे. तो सोफ्यामागे शिरतो आणि माणूस खोलीत असेपर्यंत वाटीला तोंड लावत नाही. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, वरून हात न्यायचा नाही. पाठ वळवून जमिनीवर वर्तमानपत्र वाचत बसायचे. वाटी रोज वीतभर अलीकडे सरकवायची. एखाद्या दिवशी मागून ओला स्पर्श होतो. तेव्हाही वळायचे नसते. घाई करणाऱ्या माणसाने हे काम घेऊ नये.

लसींचा पहिला टप्पा झाला की दत्तकाची जाहिरात निघते. फोटो जमिनीवर बसून, पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला चांगला येतो. विचारणा होते ती बहुधा नरांची; माद्या मागे राहतात, काळी पिल्ले त्याहून मागे. मादीची ‘कटकट’ सहाव्या महिन्याच्या आसपास नसबंदी केल्यावर संपते, हे प्रत्येक फोनवर नव्याने सांगावे लागते.

घर पाहायला जाणे हा उपचार नाही. चहा घेता घेता खिडक्या पाहायच्या असतात. मांजरासाठी प्रत्येक खिडकीला जाळी हवी, बाथरूमच्या वरच्या काचपट्ट्यांनाही. उंचावरून पडून मेलेली मांजरे बहुतेक अशाच ‘तिथून कुठे जाणार’ वाटणाऱ्या फटीतून गेलेली असतात. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती विचारायची. सोसायटी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांची प्रत जवळ असली की सचिवांशी बोलणे सोपे जाते. घरातल्या एकाला हौस आणि बाकीच्यांचे मौन, असे दिसले तर नकार द्यावा. वाढदिवसाची भेट म्हणून कोणी मागत असेल तर द्यायचेच नाही.

करारनाम्यात नसबंदी, उरलेल्या लसी, साखळीने बांधून न ठेवणे आणि जमले नाही तर जनावर फोस्टरकडेच परत करणे अशी कलमे असतात. तो कोर्टात नेण्याची वेळ क्वचितच येते. समोरचा सही करताना कोणत्या कलमाशी अडखळतो, यावरूनच पुरेसे कळते. जनावराबरोबर लसींचे पुस्तक, आठवडाभराचे सवयीचे खाणे आणि जुन्या वासाचे न धुतलेले फडके द्यायचे. कुत्रा असेल तर महापालिकेचा परवाना काढायला नव्या मालकाला आठवण करायची. तीन दिवस भेदरलेपण, तीन आठवडे घराची घडी समजण्यात, तीन महिने रुळण्यात, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. तो ऐकून न घेणारे लोक चौथ्याच दिवशी ‘हे रात्री रडते’ म्हणून फोन करतात. परत आलेले जनावर घेताना रागावू नये; गुपचूप रस्त्यावर सोडण्यापेक्षा परत करणे कितीतरी बरे.

कधी फोस्टरच ते ठेवून घेतो. त्याला गमतीने ‘फोस्टर फेल’ म्हणतात आणि त्यात वाईट काही नाही, फक्त घरातली जागा भरते आणि पुढच्याला दार बंद होते. मुंबई-पुण्यात गोंडस पिल्लू मागणारे भेटतात. महिनाभर जागा देणारे भेटत नाहीत, त्यातही मोठ्या कुत्र्यांना आणि पिल्लांसकट आलेल्या मांजरींना. नोकरीच्या बदल्या, भाड्याचे घर किंवा वय यांमुळे ज्यांना प्राणी कायमचा पाळता येत नाही, पण एक खोली आणि थोडी सवड आहे, त्यांनी आपल्या भागातल्या संस्थेकडे नाव देऊन ठेवावे.