फुकटची सीट आणि कॉलरचा शर्ट

या आठवड्याच्या व्हिडिओत 'जंपसीट'चा विषय घेतला होता, पण तो अर्धाच झाला. उरलेला इथे लिहितेय.

अमेरिकेत बरेच पायलट राहतात एका शहरात आणि त्यांची ड्यूटी सुरू होते दुसऱ्या शहरातून. आपल्याकडे नाशिक-मुंबई अप-डाउन करतात ना, तसंच, फक्त विमानाने. कॉकपिटमध्ये पायलटच्या मागे एक जादा खुर्ची असते, तीच जंपसीट. ड्यूटीवर नसलेला पायलट, अगदी दुसऱ्या कंपनीचासुद्धा, तिच्यावर बसून फुकट जाऊ शकतो. गेटवर त्याची ओळख आणि नोकरी कॉम्प्युटरवर तपासतात. पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. तो नाही म्हणाला की विषय संपला.

म्हणून रीत अशी, की आत गेल्यावर आधी कॅप्टनला भेटायचं, नाव सांगायचं, आणि "येऊ का तुमच्याबरोबर?" असं विचारायचं. गेटवाल्यांनी हो म्हटलं असलं तरी विचारायचंच. मागे प्रवाशांमध्ये जागा मिळाली तरीसुद्धा. दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय बोलणं बंद. उतरताना आभार मानायचे. २२ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेत जंपसीटवरच्या एका पायलटने उडत्या विमानाची इंजिनं बंद करायचा प्रयत्न केला होता. कॅप्टन आधी दोन मिनिटं बोलून माणूस बघतो ते उगाच नाही.

कपड्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे. युनिफॉर्म नसेल तर कॉलरचा शर्ट, साधी पँट, बंद बूट, एवढं धरून चाला. फाटकी जीन्स, चप्पल नको. तुम्ही म्हणाल, बंद दाराआड कोण बघतंय? पण २०१७ च्या मार्चमध्ये डेन्व्हरहून स्टाफ पासवर निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून युनायटेडने विमानात घेतलं नव्हतं. तिकीट काढलेल्यांना तो नियम नव्हता! मला हे जरा अतीच वाटतं, पण पास कंपनीचा, नियमही तिचाच.

मग पाहुण्याने तोंड उघडायचंच नाही का? २८ ऑक्टोबर २०१८, इंडोनेशियात लायन एअरचं बालीहून जकार्ताला जाणारं विमान. नाक सारखं खाली जात होतं. बातम्यांनुसार, कॉकपिटमध्ये बसलेल्या तिसऱ्या पायलटने बिघाड ओळखून काय बंद करायचं ते सांगितलं. विमान सुखरूप उतरलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान वेगळ्या क्रूसोबत समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली.

मी मात्र नको तिथे बोलले होते. भांड्यांचं दुकान टाकायच्या आधी महिनाभर एका ओळखीच्या काकांच्या दुकानात शिकायला बसायचे. एक ताई कुकरचा भाव करत होत्या. मी मध्येच म्हटलं, "शंभर रुपये कमी होतील ना, काका?" काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि शंभर कमी केले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "बेटा, उद्यापासून आत गोडाऊनला बस."

आठ दिवस मी डबे मोजले. नवव्या दिवशी त्यांनीच काउंटरवर बोलावलं.